बुकिंग कमी झालेलं नाही, उशिरा कळायला लागलंय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळीस खोल्यांचं हॉटेल. पूर्वी सीझनमधले शनिवार महिनाभर आधी भरत यायचे. आता आठवडा उरला तरी निम्म्या खोल्या रिकाम्या दिसतात आणि मग शेवटच्या तीन-चार दिवसांत धडाधड बुकिंग येतं, तेही बरंचसं ओटीएवरून, म्हणजे कमिशन घेऊन खोल्या विकणाऱ्या ऑनलाइन साइट्सवरून. शिवाय आधी झालेली बुकिंग्ज मधल्या काळात कॅन्सल होत राहतात. म्हणून तुम्ही विचारलंय की रेट नेमका कधी खाली आणायचा आणि किती.

मी एकोणीस वर्षं हॉटेलांचं रिझर्वेशन आणि रेट बघतोय. सुरुवात रिसेप्शनच्या काउंटरवर झाली, त्यामुळे रिकामा शनिवार समोर दिसला की पोटात कसा गोळा येतो ते मला नीट माहीत आहे. ‘रेट किती खाली आणायचा’ याचं उत्तर मी देणार आहे, पण आधी नाही. कारण मला तुमच्या लिहिण्यात वेगळीच गोष्ट दिसते. शनिवारी रात्री शेवटी किती खोल्या भरल्या, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही फक्त आठवडाभर आधीचं चित्र लिहिलंय. जर शेवटी ३५-३६ खोल्या भरत असतील, तर तुमचं गिऱ्हाईक कुठेही गेलेलं नाही. ते येतंय, फक्त तुम्हाला सांगायला उशीर करतंय. आणि ज्या दिवसांत तुम्हाला काही कळत नाही, त्याच दिवसांत घाबरून घेतलेले निर्णय तुम्हाला महाग पडतायत.

हॉटेलाहॉटेलात फरक असतो, हे आधीच मान्य करतो. पाहुणा स्वतःच्या गाडीने तीन-चार तासांत पोहोचत असेल तर तो हवामान बघून, ऑफिसची सुट्टी पक्की झाल्यावर, गुरुवारी रात्री ठरवतो. विमानाने येणारा तिकीट काढतो तेव्हाच साधारण राहण्याचं बघतो. लग्नाचे आणि कंपन्यांचे ग्रुप अजूनही महिनोन्‌महिने आधी येतात, कारण त्यांना एकदम वीस खोल्या हव्या असतात. परदेशातून येणाऱ्यांची एक तऱ्हा वेगळी. व्हिसाच्या कागदपत्रांत राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं म्हणून बरेच जण आधी काहीतरी बुक करून ठेवतात आणि व्हिसा मिळाला की ते सोडून देतात. त्यामुळे ‘हल्ली लोक उशिरा बुक करतात’ हे वाक्य सगळ्यांना सारखं लागू नाही. तुमच्याकडे कोण उशिरा करतं, हे शोधावं लागेल.

ही सवय एका रात्रीत लागलेली नाही. १९९६ साली अमेरिकेत मायक्रोसॉफ्टमधून एक्सपीडिया सुरू झालं आणि त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये बुकिंग डॉट कॉम. तिथून पाहुण्याला एका पानावर पन्नास हॉटेलं दिसायला लागली. मग खिशातल्या मोबाइलवर तेच पान आलं. २०१०-११ च्या सुमारास अमेरिकेत हॉटेलटुनाइट नावाचं ॲप निघालं, त्याचा धंदाच आज रात्रीच्या रिकाम्या खोल्या विकण्याचा होता. २०१९ मध्ये ते एअरबीएनबीने विकत घेतलं. आणि २०२० मध्ये कोविड आला तेव्हा जगभरच्या हॉटेलांनी पाहुण्यांना धीर देण्यासाठी फुकट कॅन्सलेशन उघडलं. साथ ओसरली, पण ती सवलत पाहुण्याच्या अंगवळणी पडली. आता त्याला बुकिंग म्हणजे वचन वाटत नाही, राखून ठेवलेली जागा वाटते. तो तीन हॉटेलं धरून ठेवतो आणि शेवटी एकात जातो. यात त्याचा काही दोष नाही. आपणच तसे नियम ठेवले आहेत आणि तो ते वापरतोय.

आता मुद्द्याकडे. तुमच्या चाळीस खोल्यांचा एक शनिवार घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण अशी चित्रं मी खूप हॉटेलांत पाहिली आहेत. पूर्वी ३० दिवस आधी २४ खोल्या, १४ दिवस आधी ३१, ७ दिवस आधी ३५ आणि प्रत्यक्ष रात्री ३७. आता ३० दिवस आधी १०, १४ दिवस आधी १७, ७ दिवस आधी २४, ३ दिवस आधी ३१ आणि प्रत्यक्ष रात्री ३६. शेवटी फरक पडला एका खोलीचा. पण सात दिवस आधी तुम्ही रजिस्टर उघडलं तर तुमचं मन २४ ची तुलना जुन्या ३५ शी करतं आणि अकरा खोल्यांचा खड्डा दिसतो. तो खड्डा नाहीच. तुम्ही जुन्या मोजपट्टीने नवीन कापड मोजताय.

म्हणून पहिलं काम नवी मोजपट्टी बनवण्याचं. तुमच्या सॉफ्टवेअरमधून गेल्या चार-पाच महिन्यांची सगळी बुकिंग्ज एक्सेलमध्ये काढा. तीन तारखा हव्यात : बुकिंग कधी झालं, पाहुणा कधी येणार होता, आणि कॅन्सल झालं असेल तर कधी. मग एकेक शनिवार घेऊन ३०, १४, ७, ३ आणि १ दिवस आधी किती खोल्या हातात होत्या ते मांडा. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. कॅन्सल झालेली बुकिंग्ज आधीच गाळून टाकतात. तसं करू नका. सात दिवस आधी जे बुकिंग जिवंत होतं आणि चार दिवस आधी कॅन्सल झालं, ते सात दिवसांच्या आकड्यात धरायलाच हवं, कारण त्या दिवशी तुम्हालाही ते दिसत होतं. शुक्रवार-शनिवार वेगळे, मधले वार वेगळे, सलग सुट्ट्या वेगळ्या. सरमिसळ केली की सरासरी दिसते छान, पण काही सांगत नाही.

समजा दहा शनिवारांचं हे काम केल्यावर दिसलं की शेवटच्या सात दिवसांत कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त १६ खोल्या वाढतात, बहुतेक वेळा १२ च्या आसपास. तर येत्या शनिवारी सात दिवस आधी हातात १९ खोल्या असतील, तेव्हा तुमचा अंदाज २७ ते ३५ चा. हा पट्टा तुमचा. याच्या आत असाल तर रेटला हात लावायचं कारण नाही. पट्ट्याच्या खाली घसरताय असं दिसलं तरच हालचाल. सॉफ्टवेअरमधून जुना डेटा निघत नसेल तर आजपासून रोज रात्री, नाइट ऑडिटच्या म्हणजे दिवसाचा हिशोब बंद करायच्या वेळी, पुढच्या ६० दिवसांच्या विकलेल्या खोल्या एका वहीत लिहायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे. तीन महिन्यांत त्या वहीसारखा सल्लागार तुम्हाला कोणी मिळणार नाही.

ही वही नसताना काय होतं, ते मी स्वतः भोगलंय. ४६ खोल्यांचं एक हॉटेल बघत होतो. सलग सुट्ट्यांचा वीकेंड दहा दिवसांवर आणि हातात १७ खोल्या. मालक अस्वस्थ, मी त्याहून अस्वस्थ. आम्ही सगळीकडे एकदम २५ टक्के रेट उतरवला. दोन दिवसांत १२ नवीन बुकिंग्ज आली आणि आम्हाला वाटलं, वाचलो. पण त्याच दोन दिवसांत आधीच्या १७ पैकी सात जणांनी बुकिंग कॅन्सल करून तीच खोली, त्याच रात्रीसाठी, नव्या कमी रेटने पुन्हा घेतली. फुकट कॅन्सलेशन होतं, त्यांनी का करू नये? आणखी दोन दिवसांत हॉटेल फुल झालं. सुट्टीला सहा दिवस बाकी होते.

मग फोन यायला लागले. रिसेप्शनवरची मुलगी हुशार होती. तिने कोणी न सांगता एन्क्वायरी रजिस्टरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने उभ्या रेघा मारायला सुरुवात केली, प्रत्येक ‘सॉरी, फुल आहे’ची एक रेघ. चार उभ्या आणि एक आडवी. शुक्रवारी संध्याकाळी तिने ते पान माझ्यासमोर ठेवलं तेव्हा ३१ रेघा होत्या. आणि ते लोक पूर्ण रेट द्यायला तयार होते, काहींनी तर वाढीव रेटही विचारला होता. त्या पानाचा फोटो मी अजून जपून ठेवलाय. तेव्हापासून जिथे जातो तिथे ‘नाही म्हटलेल्यांची नोंद’ हा रकाना रजिस्टरमध्ये पाडायला लावतो : तारीख, किती खोल्या, आणि नाही का म्हटलं, खोली नव्हती की रेट जमला नाही. भरलेल्या खोल्या सगळे मोजतात. परत पाठवलेली माणसं मोजली की रेट कुठे चुकला ते कळतं.

रेट उतरवण्याचा साधा हिशोब पण करून बघा. १०० रुपये रेट धरू, म्हणजे टक्के समजायला सोपं. २८ खोल्या पूर्ण रेटने गेल्या तर २८०० येतात. रेट ८० केला तर तेवढेच २८०० यायला ३५ खोल्या लागतात. म्हणजे ऑक्युपन्सी, भरलेल्या खोल्यांचं प्रमाण, ७० टक्क्यांवरून थेट ८७.५ टक्के, आणि ती गाठून तुम्ही फक्त होतात तिथेच आलात. त्या जास्तीच्या सात खोल्यांची धुलाई, साफसफाई, नाश्ता, गरम पाणी, वीज हे सगळं वरून गेलं. ओटीएचं कमिशन आणखी वेगळं. सात खोल्या नव्याने खेचून आणायची खात्री असेल तरच हा सौदा. गिऱ्हाईक तसंही येणारच होतं, तर तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे सोडलेत.

याहून खोल नुकसान दुसरंच आहे. दर वेळी शेवटच्या आठवड्यात रेट पडतो हे पाहुण्याला दोनदा दिसलं की तिसऱ्यांदा तो थांबतो. उशिरा बुकिंगची जी सवय तुम्हाला छळते आहे, तिला तुम्हीच खतपाणी घालताय. विमान कंपन्यांनी नेमकं उलटं केलं होतं. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आधी तिकीट काढणाऱ्यांसाठी स्वस्त भाडं आणलं आणि शेवटच्या घटकेला येणाऱ्यांसाठी जागा पूर्ण भाड्याला राखून ठेवल्या. तिथून जो यील्ड मॅनेजमेंटचा, म्हणजे मागणी बघून भाडं वर-खाली करण्याचा, विचार वाढला, तोच पुढे मॅरियटसारख्या कंपन्यांनी हॉटेलांत आणला. आज विमानाचं तिकीट उशिरा काढलं तर महाग पडणार, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. हॉटेलची खोली उशिरा घेतली तर स्वस्त मिळेल, असं त्याच माणसाला वाटतं. हा फरक पाहुण्याच्या स्वभावाचा नाही. दोन्ही धंद्यांनी त्याला जे शिकवलं, त्याचा आहे.

मग रेट कधीच उतरवायचा नाही का? उतरवायचा. तुमच्या पट्ट्याच्या खाली गेलात, आसपासच्या हॉटेलांतही खोल्या रिकाम्या आहेत आणि तारीख मधल्या वारातली आहे, तर जरूर उतरवा. पण सरसकट नको. कुंपण घालून उतरवा. एकाच प्रकारच्या खोलीवर, किंवा फक्त दोन रात्री राहणाऱ्याला, किंवा फक्त पैसे लगेच भरणाऱ्याला आणि परत न मिळण्याच्या अटीवर. म्हणजे ज्याने आधी पूर्ण रेटने घेतली आहे, त्याला कॅन्सल करून तीच गोष्ट स्वस्तात घेता येत नाही. आणि किती, तर मी एका वेळी ८-१० टक्क्यांच्या पुढे जात नाही. दोन दिवस बघतो, हालचाल झाली का ते. १० टक्क्यांनी काहीच हललं नाही तर त्या तारखेला मुळात मागणीच नाही, आणि ३० टक्क्यांनीही फार काही हलणार नसतं. मागणी नसते तेव्हा स्वस्ताई चालत नाही, हे स्वीकारायला मला बरीच वर्षं लागली.

उरतो तो आधी बुक करणारा. त्याला आज तुमच्याकडे आधी यायचं काय कारण आहे? बहुतेक हॉटेलांत काहीच नाही. उलट तोच सर्वांत जास्त पैसे देतो. ते बदला. मी साधारण तीन रेट ठेवतो. पहिला पूर्ण मोकळा : दोन-तीन दिवस आधीपर्यंत फुकट कॅन्सल, रेट पूर्ण. दुसरा : पैसे परत नाहीत, पण एकदा तारीख बदलून मिळेल, रेट पाच-सहा टक्के कमी. तिसरा : पैसे परत नाहीत, तारीखही बदलत नाही, रेट १०-१२ टक्के कमी. यातला मधला रेट मला फार आवडतो. पाहुण्याची खरी भीती ‘आयत्या वेळी जाता आलं नाही तर’ ही असते, आणि तारीख बदलून मिळणार म्हटलं की ती बरीचशी निघून जाते. तुमच्याकडे पैसे येतात, त्याच्याकडे मार्ग राहतो. घरात कोणी खरोखर आजारी पडलं, कोणी गेलं, तर नियम बाजूला ठेवून पैसे परत करा. अशा वेळी नियमावर बोट ठेवणारं हॉटेल मला बघवत नाही, आणि तसं केलेलं कोणी विसरतही नाही.

रेटशिवायही आधी येणाऱ्याला देण्यासारखं खूप असतं. कोपऱ्यातली खोली, वरचा मजला, शेजारी-शेजारी दोन खोल्या, सकाळी लवकर चेक-इन. या गोष्टी शेवटच्या दिवशी देता येतच नाहीत. मग वेबसाइटवर तसं साध्या शब्दांत लिहा की महिनाभर आधी बुक केलं तर खोली तुम्ही निवडायची. तुम्हाला याचा खर्च शून्य आहे.

कॅन्सलेशनबद्दल एक छोटा उपाय सांगतो, जो मी जिथे लावला तिथे चालला. फुकट कॅन्सलेशनची मुदत संपायच्या एक-दोन दिवस आधी प्रत्येक पाहुण्याला व्हॉट्सॲपवर एक मेसेज. पण त्यात ‘तुम्ही येणार आहात ना?’ असं विचारायचं नाही. ते संशय घेतल्यासारखं वाटतं, आणि ‘हो’ लिहून माणूस मोकळा होतो. विचारायचं असं : ‘शनिवारी आपण साधारण किती वाजता पोहोचाल? त्याप्रमाणे खोली तयार ठेवतो. बेत बदलला असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, काही आकार लागणार नाही.’ वेळ सांगायची म्हटली की माणसाला खरोखर विचार करावा लागतो. ज्याने तीन हॉटेलं धरून ठेवली आहेत तो इथे ठरवतो. काही जण कॅन्सल करतील. ते तसेही करणारच होते, फक्त तुम्हाला शुक्रवारी रात्रीऐवजी बुधवारी कळलं आणि विकायला दोन दिवस मिळाले. उत्तर आलंच नाही तर गुरुवारी सकाळी एक फोन.

फुकट कॅन्सलेशनची मुदत उलटल्यावर बुक करणाऱ्यांचं भान ठेवा. दोन दिवस आधीपर्यंत फुकट कॅन्सल असेल आणि कोणी एक दिवस आधी बुक केलं, तर त्याचे पैसे त्या क्षणापासून परत मिळणारे नाहीत. हे त्याला बुकिंगच्या वेळी स्पष्ट वाचायला मिळालं नाही तर काउंटरवर भांडण होतं आणि कार्डाचे पैसे बँकेकडून उलटे मागितले जातात. उशिरा बुकिंग वाढलं तसे हे वादही वाढलेत.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, आधी स्वतःचा पट्टा काढा, पट्ट्याच्या आत असाल तोवर रेट हलवू नका, उतरवलाच तर कुंपण घालून उतरवा, आणि आधी येणाऱ्याला काहीतरी खरं द्या. आता ओटीएचं बघू.

ओटीएचं कमिशन साधारण १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असतं. १०० च्या खोलीवर १८ टक्के धरले तर हातात ८२. थेट बुकिंगमध्ये पेमेंट गेटवेचे दोन-तीन टक्के जातात. तुम्ही पाहुण्याला वरून सात-आठ टक्क्यांचं काही दिलंत तरी नव्वदच्या आसपास उरतात. म्हणून रेट नेहमी हातात उरणाऱ्या पैशांत मोजा, बोर्डावरच्या नाही. पण ओटीए बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. कॉर्नेल विद्यापीठाचे ख्रिस अँडरसन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही हॉटेलं एक्सपीडियावर आलटून-पालटून दाखवून आणि काढून बघितली. यादीत असताना हॉटेलांकडे थेट येणारं बुकिंगही वाढलं होतं. पाहुणा तिथे तुम्हाला बघतो आणि मग तुमचं नाव शोधत येतो. तो शोधत आला त्या क्षणी तुमची वेबसाइट बंद, फोन उचलला जात नाही, किंवा रेट ओटीएपेक्षा जास्त, असं असेल तर तो मुकाट्याने परत जातो.

मार्च २०२१ पासून गूगलच्या हॉटेल शोधात तुमच्या स्वतःच्या वेबसाइटचा रेट फुकटात दाखवता येतो. तुमच्या बुकिंग इंजिनवाल्याला, म्हणजे वेबसाइटवर बुकिंग घेणारं सॉफ्टवेअर देणाऱ्याला, एवढंच विचारा की ही जोडणी चालू आहे का. अनेकांकडे ती नसते आणि त्यांना पत्ताही नसतो. थेट रेट कमी ठेवायचा असेल तर आधी ओटीएबरोबरचा करार वाचा. युरोपियन युनियनमध्ये बुकिंग डॉट कॉमला मे २०२४ मध्ये डिजिटल मार्केट्स ॲक्ट या तिथल्या कायद्याखाली ‘गेटकीपर’, म्हणजे बाजारावर पकड असलेली मोठी ऑनलाइन कंपनी, ठरवलं गेलं आणि त्या नोव्हेंबरपासून तिथे हॉटेलांना स्वतःच्या साइटवर कमी रेट लावायला अटकाव करता येत नाही. इतर ठिकाणी काय चालतं ते तिथल्या कायद्यावर आणि तुमच्या करारावर आहे. रेट सारखा ठेवावा लागत असेल तर थेट येणाऱ्याला उशिरा चेक-आउट द्या, खोली निवडू द्या, नाश्ता द्या. सक्तीचे जे काही चार्जेस आहेत ते पहिल्याच आकड्यात धरा. अमेरिकेत मे २०२५ पासून सक्तीची फी धरूनच मुक्कामाची किंमत दाखवावी लागते. कायदा नसला तरी हेच करावं, कारण मोबाइलवर शेवटच्या पायरीला आकडा वाढला की माणूस पान बंद करतो.

आता एक प्रयोग आजच करा. घरातल्या कोणाला तरी, ज्यांनी तुमची वेबसाइट कधी उघडलेली नाही अशांना, मोबाइल द्या. वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर राहू द्या. ‘येत्या शनिवारची दोन माणसांची खोली घे’ एवढंच सांगा आणि शेजारी गप्प बसा. मदत करायची नाही. मी हे एकदा मालकाच्या आईंबरोबर केलं. त्या कॅलेंडरवर तारीख निवडत होत्या आणि त्यावर सारखी ऑफरची खिडकी उघडत होती. ती बंद करायची फुली इतकी लहान की त्यांच्या बोटाखाली सापडेना. चौथ्या वेळी त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘फोन करून सांगितलं तर नाही का चालणार?’ मालक दोन वर्षं वेबसाइटवर जाहिरातीचे पैसे घालत होते. ती ऑफरची खिडकी त्याच दुपारी काढली.

उशिरा येणारा पाहुणा थांबत नाही, हेही डोक्यात ठेवा. महिनाभर आधी विचारणारा उद्या उत्तर दिलंत तरी चालवून घेतो. आज रात्रीची खोली विचारणारा दहा मिनिटांत दुसरीकडे पैसे भरून मोकळा होतो. म्हणून रात्री नऊ ते बारा फोन आणि व्हॉट्सॲप कोणाकडे आहे ते नावानिशी ठरवा. त्या माणसाला रेट माहीत हवेत, पैसे घ्यायची लिंक पाठवता यायला हवी, आणि ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणावं लागू नये. शिवाय ओटीएच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याच दिवशीचं बुकिंग किती वाजता बंद होतं ते बघा. कितीतरी हॉटेलांत कोणीतरी कधीकाळी संध्याकाळी सहाची वेळ घालून ठेवलेली असते, आणि मालक वर्षभर म्हणत असतात की आमच्याकडे आयत्या वेळी कोणी येत नाही.

दोन रात्रींची अट लावत असाल तर ती तारखेजवळ येताना सैल करा. महिनाभर आधी शनिवारला ती अट योग्य आहे, नाहीतर एकेका रात्रीच्या बुकिंगमुळे शुक्रवार आणि रविवार मोकळे पडतात. पण पाच दिवस उरल्यावर मधेच एकटी रिकामी रात्र राहिली असेल, तर अट धरून बसण्यात अर्थ नाही. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, पुढच्या पंधरा दिवसांच्या अटी नुसत्या नजरेखालून घातल्या तरी पुरतं.

आणि तुमच्या माणसांचा विचार करा. उशिरा बुकिंगचा सगळ्यात जास्त त्रास हाउसकीपिंगला आणि किचनला होतो. गुरुवारी वीस खोल्यांच्या हिशोबाने सुट्ट्या दिल्या आणि शनिवारी छत्तीस भरल्या की दोन बायका अठरा-अठरा खोल्यांचा भार उचलतात आणि पुढच्या महिन्यात त्यातली एक सोडून जाते. हे मी पाहिलंय. माल मागवणं आणि ड्युटी लावणं हे हातातल्या बुकिंगवर करू नका, पट्ट्याच्या मधल्या आकड्यावर करा. चौदा, सात आणि तीन दिवस आधी तो आकडा सुपरवायझरला कागदावर द्या, ‘३० ते ३५, बहुतेक ३२’ असा. त्यांना एकच पक्का आकडा लागत नाही. कोणीतरी आधी सांगितलं, एवढं त्यांना पुरतं.

ओव्हरबुकिंगबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पट्टा हातात आला की मोह होईल म्हणून सांगतो. शेवटच्या दोन दिवसांत दर वेळी तीन खोल्या गळत असतील तर एखादी जास्त घेणं समजू शकतं. मात्र शेजारच्या चांगल्या हॉटेलशी आधी बोलून ठेवलेलं असलं पाहिजे, आणि पाहुण्याला तिथे पोहोचवण्याचा आणि फरकाचा खर्च तुमचा. रात्री अकरा वाजता झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन आलेल्या माणसाला ‘खोली नाही’ सांगायची वेळ माझ्यावर एकदा आली होती. चाळीस खोल्यांच्या हॉटेलात मी एकच्या वर कधीच जाणार नाही.

तुम्ही आता एवढं करा. गेल्या दहा शनिवारांचे आकडे काढा : तीस, चौदा, सात, तीन दिवस आधीच्या खोल्या आणि प्रत्यक्ष रात्रीच्या. त्याशेजारी त्या-त्या दिवशीचा सरासरी रेट आणि ओटीएकडून किती, थेट किती. हॉटेलचं नाव नको, नुसते आकडे इथेच टाका. तुमचा पट्टा किती रुंद आहे ते बघून पुढच्या सलग सुट्ट्यांचे रेट आपण तारीखवार लावू. आणि तोपर्यंत येत्या शनिवारचा रेट आहे तिथेच राहू द्या.